गाडी सेल्फ घेत नाही, बॅटरी नवीकोरी आहे. सेल्फ मोटर बदलण्याआधी काय काय तपासू?

सुरंगी (रत्नागिरी)
नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल हॅचबॅक आहे, २०१३ चं मॉडेल, साधे गिअर, चावीने चालू होणारी. घर समुद्राच्या अगदी जवळ आणि पार्किंग उघड्यावर. गणपतीनंतर त्रास सुरू झालाय. चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागतात, हॉर्न खणखणीत वाजतो, पण सेल्फ मारला की बॉनेटखालून एकदाच 'टक' असा आवाज येतो आणि पुढे काही नाही. परत मारा, परत टक. मग मधेच कधीतरी पहिल्या झटक्यात चालू होते आणि दिवसभर काही तक्रार नाही.

बॅटरी जुनी झालीच होती म्हणून बदलून घेतली, फरक शून्य. दोन मेकॅनिकनी बघितली, दोघांसमोर ती शहाण्यासारखी चालू झाली. एक म्हणतो सेल्फ मोटर बदला, पाच-सहा हजार जातील. दुसरा म्हणतो इग्निशन स्विच गेलाय. बाबांना दर महिन्याला कोल्हापूरला तपासणीला न्यावं लागतं, पहाटे निघतो आम्ही. आंबा घाटात चहाला थांबलो आणि मग चालूच झाली नाही तर काय, ही धास्ती बसली आहे. पैसे घालायला हरकत नाही पण योग्य जागी जावेत. घरच्या घरी काय तपासता येईल ते सांगाल का?

मधली_सुट्टी
बॅटरीचे टर्मिनल घट्ट आहेत का ते आधी बघा. हाताने हलले तर तेच कारण. नवी बॅटरी बसवताना पोरं घाईत नुसतं टेकवून जातात.

जुनी_फियाट (पुणे)
इग्निशन स्विच असता तर टक सुद्धा आलं नसतं. टक येतंय म्हणजे चावीपासून सोलेनॉइडपर्यंत, म्हणजे सेल्फ मोटरवरच्या विजेच्या स्विचपर्यंत, करंट पोचतोय. स्विच बदलू नका.

चंद्रपुरी_ऊन
ताई, १३ चं मॉडेल आहे ना, सेल्फचे कार्बन, म्हणजे फिरत्या मोटरला करंट देणारे ब्रश, झिजलेच असतील बाप्पा. आमच्याकडे इतक्या वर्षांत दोनदा बदलतात. पूर्ण मोटर नका घेऊ, कार्बन अन् बुश बदलून घ्या, खर्च पावपट बी नाही येत. टक आलं की कोणाला तरी मोटरवर लाकडी दांड्याने हलकंच ठोकायला सांगा अन् तुम्ही सेल्फ मारा. चालू झाली तर कार्बनच.

सुरंगी
टर्मिनल घट्ट आहेत, हलत नाहीत. ठोकून बघायचं तर मोटर खाली आत आहे, हात पोचत नाही माझा.

स्पॅनर_दहाचा (सांगली)
ताई, मी गाड्यांचं वायरिंगचं काम करतो, तेच पोटापाण्याचं. सेल्फ मोटर सध्या तशीच राहू द्या. आधी एक सोपी गोष्ट करा, खर्च काही नाही. अंधार पडल्यावर गाडी भिंतीसमोर लावा, न्यूट्रल, हँडब्रेक, हेडलाइट लावा आणि सेल्फ मारताना भिंतीवरच्या उजेडाकडे बघत राहा.

उजेड एकदम मालवल्यासारखा झाला आणि टकटकटक असा भराभर आवाज आला तर बॅटरीत दम नाही किंवा टर्मिनल खराब. उजेड खूप मंदावला आणि एकच दणका आला तर मोटर जाम, किंवा क्वचित इंजिनच जाम. उजेड होता तेवढाच राहिला आणि एकच टक आलं तर बॅटरीत करंट भरपूर आहे पण तो मोटरमधून जातच नाहीये, म्हणजे सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट, कार्बन किंवा इंजिनाची अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परत जायची वाट. उजेड तेवढाच आणि आवाजच नाही, तर मग स्विच, रिले, फ्यूज, काही गाड्यांना क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही तो क्लचचा स्विच, ऑटोमॅटिक असेल तर गिअर पी किंवा एन मध्ये आहे हे कळवणारा स्विच.

हे बघून इथे लिहा, मग पुढचं सांगतो.

निळी_शाई
वा, हे मला इतकं सुटसुटीत कोणी सांगितलंच नव्हतं. वाचनखूण साठवली.

घाटवाट (ठाणे)
माझं दुखणं थोडं वेगळं पण इथेच विचारतो. सकाळी थंड गाडी एका सेल्फमध्ये चालू. लांबचा पल्ला मारून पेट्रोलला थांबलं, पाच-दहा मिनिटांनी परत मारली की सेल्फ छान फिरतो, इंजिन पकडतच नाही. अर्धा तास थांबलं की चालू. पेट्रोल पंपावर सगळे बघायला लागतात, हॉर्न वाजवतात, घरच्यांचा जीव वर-खाली.

जुनी_फियाट
पूर्वी फियाट घेऊन खंडाळ्याचा घाट चढायचो तेव्हा हेच व्हायचं, फक्त कारण वेगळं. पेट्रोल पंप इंजिनाला चिकटलेला, तो इतका तापायचा की आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंप वाफ ओढू शकायचा नाही. घाटात जागोजागी बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकून उभ्या असलेल्या गाड्या दिसायच्या. आम्ही बाटलीत पाणी प्यायला कमी आणि फडक्याला जास्त ठेवायचो. हल्ली पंप पेट्रोलच्या टाकीत असतो, प्रेशरही बरंच जास्त, त्यामुळे ती भानगड राहिली नाही.

आणि अँबॅसिडरला तर पुढून हँडल मारायची सोय होती. वडिलांनी पहिली गोष्ट शिकवली ती अंगठा. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, पलीकडून वेढा घालायचा नाही, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटून गेलं पाहिजे, अंगठा अडकला की मोडलाच. गावच्या बसस्टँडजवळ टॅक्सीवाले एका झटक्यात चालू करायचे, बघत राहावंसं वाटायचं.

स्पॅनर_दहाचा
काका, अंगठ्याचं अगदी खरं. माझ्या उस्तादांचा मनगटाजवळ वाकडा झालेला हात मी बघितलाय.

घाटवाट, सेल्फ फिरतोय पण इंजिन पकडत नाही म्हणजे बॅटरी-सेल्फ दोन्ही निर्दोष. मग स्पार्क आणि पेट्रोल, दोनातलं एक गायब. गरम झाल्यावरच होतं आणि थंड झाल्यावर जातं म्हटलं की माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर. इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला तोच सांगतो, त्याने सांगितलं नाही तर ना स्पार्क ना पेट्रोल. तापला की आतली वायर तुटक होते आणि गार झाला की परत जुळते. पुढच्या वेळी सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. काही गाड्यांत सेल्फवर तो थोडा हलतो, तुमच्या गाडीत थंड असताना हलत असेल आणि गरम असताना मेल्यासारखा पडून राहिला तर सेन्सर जवळजवळ नक्की. आणि स्विच ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद 'झूं' असा पंपाचा आवाज येतो का तेही ऐका. येत नसेल तर पंप, त्याचा फ्यूज किंवा रिले. फ्यूजबॉक्समध्ये हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघता येते, पैसे न घालता.

बर्फातला_मावळा (कॅल्गरी)
इकडे उणे तीसला गाडी चालू करणं हे वेगळंच प्रकरण आहे. इंजिनात ब्लॉक हीटर बसवलेला असतो, त्याची वायर पुढच्या जाळीतून बाहेर लोंबते आणि रात्री प्लगला लावून ठेवायची. ऑफिसच्या पार्किंगमध्येसुद्धा खांबाखांबाला प्लग असतात. नवा आलेला भारतीय पहिल्यांदा बघतो तेव्हा त्याला वाटतं सगळ्याच गाड्या विजेवर चालतात. थंडीत बॅटरीची ताकद निम्म्याच्याही खाली जाते आणि तेलही घट्ट होतं, सेल्फ बिचारा दोन्हीकडून मार खातो. थंडी म्हणजे बॅटरीचा काळ.

चंद्रपुरी_ऊन
मावळे भाऊ, इथे थोडं भांडतो. थंडीत ताकद कमी पडते हे बरोबर, पण बॅटरी मारतं ते ऊन. आमच्याकडे मे महिन्यात ४५-४६ अंश, त्यात बॉनेटखालची धग. आतली रासायनिक क्रिया उष्णतेनं जोरात चालते, प्लेटा गंजतात, पाणी उडून जातं. बॅटरी उन्हाळ्यातच खराब होते, फक्त तेव्हा इंजिन गरम अन् तेल पातळ असल्यानं कशीबशी ओढून नेते. डिसेंबरच्या सकाळी उघडं पडतं अन् नाव थंडीचं होतं. म्हणून आम्ही पावसाळा संपला की बॅटरी तपासून घेतो. गाडी रात्रभर उभी असताना १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या खाली गेली की चार्ज करा, सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली पडली तर बदलायची तयारी ठेवा. अन् चालू गाडीत १३.८ ते १४.५ नाही दिसलं तर बॅटरीला दोष न देता डायनामो बघा.

बर्फातला_मावळा
पटलं. इथेही उन्हाळा आता चांगलाच तापतो, हिशोब तोच असणार.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)
सुरंगी, कोकणातल्याच आहात म्हणून हे लिहिते, तुमच्या प्रश्नाशी थेट नातं नाही पण वाचणाऱ्या कोणाला तरी उपयोग होईल. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा आमच्या गल्लीतल्या सगळ्या गाड्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर माणसं रडकुंडीला आलेली, जो तो आपली गाडी चालू होते का बघायला सेल्फ मारत होता. कृपा करून असं करू नका. इंजिनात पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. दुरुस्त होणारं इंजिन एका सेल्फमध्ये कायमचं जातं. शिवाय साध्या पॉलिसीत असं नुकसान बहुतेक धरत नाहीत, वेगळं इंजिन प्रोटेक्ट घेतलेलं असावं लागतं.

आमच्या शेजारच्या दादाने प्रत्येक दारात जाऊन सांगितलं की चावीला हात लावू नका, आधी बॅटरीची काळी वायर काढा आणि चिखलासकट फोटो काढून ठेवा. मग गाड्या उचलून नेल्या, प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी काढलं, तेल बदललं. ज्यांनी ऐकलं त्यांची इंजिनं वाचली. त्या दादाचे उपकार गल्ली अजून विसरलेली नाही.

मधली_सुट्टी
२६ जुलै २००५ ला मुंबईत हेच. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, नंतर कित्येक आठवडे गॅरेजबाहेर गाड्यांच्या रांगा. तुमच्या दादाला नमस्कार सांगा.

घाटवाट
आमच्या सोसायटीत पावसाळ्यात उंदीर वायरी खातात, गेल्या वर्षी एकाच मजल्यावरच्या तीन गाड्या बंद. उंदरांची स्वतंत्र सभासद म्हणून नोंद करावी असा ठराव आला होता :)

निळी_शाई
माझी बटण स्टार्ट गाडी आहे. 'चावी सापडली नाही' असा मेसेज येऊन चालू व्हायची बंद झाली, मी एकटी होते आणि रात्रीचे साडेनऊ. बहुतेक गाड्यांत चावीचा सेल उतरला तरी चावी थेट स्टार्ट बटणाला टेकवून ब्रेक-क्लच दाबून बटण दाबलं की चालू होते, काहींमध्ये चावी ठेवायची जागा ठरलेली असते, मॅन्युअलमध्ये दिलेली असते. आणि दार उघडायला चावीच्या आत लपवलेली साधी चावी असते. घरातल्या सगळ्यांना हे दाखवून ठेवा, विशेषतः गाडी क्वचित चालवणाऱ्यांना.

कंदील
इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी पण कान द्या. मोठी बॅटरी ८० टक्के असली तरी गाडीतली छोटी १२ व्होल्टची उतरली की गाडी जागीच होत नाही. माझी तशी झाली होती, आणि मदतीला आलेला माणूस आधी चार्जरच शोधत होता.

सुरंगी
मंडळी, काल रात्री भिंतीसमोर लावून बघितलं. दर सेल्फला एकच टक येत होतं आणि हेडलाइटचा उजेड तसूभर हलला नाही. भाऊ म्हणतो आता सेल्फच. स्पॅनरदादा, काय करू?

स्पॅनर_दहाचा
छान बघितलंत. अजून दोन संशयित आहेत, सेल्फ आणि अर्थिंग, आणि समुद्राजवळ उघड्यावर उभी गाडी म्हटल्यावर माझं मन अर्थिंगकडे जातंय. सगळे लाल वायर बघतात, काळी कोणी बघत नाही. बॅटरीच्या मायनसपासून एक वायर बॉडीला जाते आणि एक इंजिन-गिअरबॉक्सला. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं, म्हणजे सेल्फचा करंट परत यायला ती एकच पट्टी. हेडलाइट, हॉर्न बॉडीवरून अर्थ घेतात म्हणून ते झकास चालतात. हौद काठोकाठ भरलेला आणि नळ गंजून बंद, अशातली गत.

तपासायच्या दोन पद्धती. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर, क्लॅम्पवर नाही, आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या, रंग नसलेल्या बोल्टवर. भावाला सेल्फ मारायला सांगा. ०.२-०.३ च्या आत राहिलं तर अर्थिंग ठीक, मग सेल्फ उतरवू. त्याच्या फार वर गेलं तर चोर सापडला.

मीटर नसेल तर जंपर केबलची काळी वायर घ्या, एक चिमटा बॅटरीच्या मायनसला, दुसरा इंजिनावर लिफ्टिंगचा लोखंडी हूक असतो त्याला. पंखा आणि बेल्टपासून वायर लांब ठेवा. सेल्फ मारा. लगेच चालू झाली तर सेल्फ मोटर निर्दोष.

अजून एक, पाच-सहा वेळा टक झाल्यावर क्लचच्या केबलला हात लावून बघा, जपून. गरम लागली तर करंट तिथून वाट काढतोय.

चंद्रपुरी_ऊन
हे क्लच केबलचं एका जुन्या गाडीत स्वतः बघितलंय, वरचं प्लास्टिक वितळून धूर निघाला होता. स्पॅनर भाऊ, तुम्ही म्हणता तर माझा कार्बनचा मुद्दा तूर्त बाजूला. समुद्राची हवा आमच्या डोक्यातच येत नाही.

जुनी_फियाट
मेकॅनिकचीही एक बाजू सांगतो. त्यांच्याकडे गाडी जाते तेव्हा ती चालू होत असते. जे दिसत नाही ते शोधायचं कसं, मग अनुभवाने सांगतात की सेल्फ बदला. तेव्हा गाडी बंद पडेल त्या क्षणी मोबाईलवर व्हिडिओ काढा, डॅशबोर्ड आणि आवाज दोन्ही येऊ द्या. चांगल्या माणसाला तेवढ्यावरून अर्धं निदान होतं.

घाटवाट
आणि बाबांना घेऊन निघता तर हे लक्षात असू द्या, राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३ वर फोन करता येतो. पोलीस, अँब्युलन्स काहीही लागलं तर ११२. घाटात गाडी वळणावर थांबवू नका, सरळ पट्ट्यात कडेला, मागे त्रिकोण बराच लांब ठेवा.

सुरंगी
अर्थिंगच!!! भावाने मीटर आणला. सेल्फ मारला तेव्हा सहा व्होल्टच्या वर गेला, त्याच वेळी बॅटरीच्या खांबांवर १२ च्या वरच होते. मग जंपर केबलचा काळा चिमटा हुकाला लावला आणि पहिल्याच सेल्फला चालू, बंद करून परत परत लावली, प्रत्येक वेळी चालू. क्लचची केबल खरंच कोमट लागत होती.

मग एअर फिल्टरचा डबा काढला आणि ती पट्टी सापडली. तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी, गिअरबॉक्सच्या बोल्टपाशी पूर्ण हिरवी झालेली. भावाने बोट लावलं तर भुकटी खाली पडली, आत अखंड म्हणाव्यात अशा चार-दोन तारा उरल्या होत्या. गाडी हलली, इंजिन थरथरलं की त्या तारा कशाबशा टेकत असणार आणि म्हणून कधी चालू, कधी नाही. ऑटो इलेक्ट्रिकलच्या दुकानात तशीच पट्टी मिळाली, सेल्फ मोटरच्या मानाने किंमत काहीच नाही. बाबा बाजूला खुर्ची टाकून बसले होते, गाडी चालू झाल्यावर म्हणाले आता कोल्हापूरला पुढच्या सीटवर मी बसणार.

स्पॅनरदादा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. रत्नागिरीला आलात तर जेवायला यायचंच.

स्पॅनर_दहाचा
ताई, गाडी चालू झाली हेच भरून पावलं. मासे असतील तर नक्की येतो. पट्टी बसवताना दोन्ही टोकांच्या खालची जागा वायर ब्रशने घासून चकचकीत धातू दिसू द्या, रंगावर कसू नका. आधी बोल्ट घट्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलीन किंवा ग्रीसचा जाड थर, खारी हवा आत जाता कामा नये. बॉडीकडचं टोकही उघडून बघा, एक गंजलं तर दुसरं वाटेवर असतं. दर पावसाळ्यानंतर एकदा नजर टाका. आणि क्लचची केबल तापली होती तर ती जड झालीय का तेवढं बघून घ्या, झाली असेल तर बदला.

वाशिष्ठीकाठ
आजच नवऱ्याला बॉनेट उघडायला लावते.

मधली_सुट्टी
मी दापोलीला असतो, गाडी उघड्यावरच. आत्ता जाऊन बघितली, गिअरबॉक्सकडच्या टोकाला हिरवा रंग दिसायला लागलाय. अजून त्रास नाही, तरी या रविवारी पट्टी बदलतो.

घाटवाट
स्पॅनरभाऊ, माझा रिपोर्ट. काल लोणावळ्याहून परत येताना मुद्दाम थांबलो. गरम गाडीत सेल्फ फिरताना आरपीएमचा काटा शून्यावर पडून होता, पंपाचा 'झूं' मात्र नीट येत होता. आज सकाळी थंड गाडीत काटा हलला.

स्पॅनर_दहाचा
मग क्रँक सेन्सर. बदलायच्या आधी त्याचा प्लग काढून पिना आणि वायर बघा, तेल किंवा पाणी शिरलेलं असेल तर आधी ते साफ करा. स्कॅनर असेल तर कोड वाचून घ्या. ओरिजिनल सेन्सरच घ्या, स्वस्तातले परत तापल्यावर तेच करतात.